वहीतली गिऱ्हाइकं मोबाईलमध्ये नेताना

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेतावरून आत्ताच आला असाल. हातातलं काम थांबवू नका, काम करता करता ऐका.

आज बोलायचं आहे वहीबद्दल. बचतीची वही आणि कर्जाची वही आपल्या सगळ्या गटांत बरी असते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रच नियमित लेखे. ग्रामसंघ बघतो, बँकेचे साहेब बघतात, त्यामुळे आपण ती नीट ठेवतो. पण गिऱ्हाइकांची वही? ती कोणी तपासत नाही. आमच्या गटाचा धंदा सुरू होऊन सहा वर्षं झाली आणि आमचं गिऱ्हाईक कुठं लिहिलेलं होतं म्हणाल, तर तीन वह्यांत, एका मोबाईलमध्ये आणि आमच्या आक्कांच्या डोक्यात.

आम्ही बाराजणी. सोलापूर जिल्ह्यातल्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा आमचा माल. ज्वारी मालदांडी, शेंगा भाजून उखळात कुटलेल्या. कडक भाकरी महिनाभर राहते, त्यामुळे पुण्या-मुंबईला पार्सल जाते. सुरुवातीला आठवडी बाजार, मग सोलापूरच्या गड्डा यात्रेत स्टॉल, मग आषाढीला पंढरपुरात. गिऱ्हाईक वाढत गेलं तसं वहीत नाव वाढत गेलं, आणि फोनवर मागणी घ्यायचं काम आमच्यातल्या एका वहिनींकडं आलं, कारण तेव्हा मोठ्या स्क्रीनचा फोन त्यांच्याकडंच होता.

तो फोन मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हौदात पडला.

तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून झाला. तालुक्याला दुकानात नेऊन झाला. नवा फोन घेतला, त्यात जुना जीमेल टाकला, तर निम्मी नावं आपोआप परत आली. आम्ही खूश. उरलेली निम्मी मात्र आलीच नाहीत. दुकानदार पोरानं सांगितलं तेव्हा कळलं. नवा नंबर सेव्ह करताना फोन विचारतो, कुठं ठेवू, गुगलमध्ये की फोनमध्ये? वहिनी कधी हे दाबायच्या, कधी ते. जे गुगलमध्ये ठेवले ते वाचले, जे फोनमध्ये ठेवले ते फोनबरोबर बुडाले. आजच घरी जाऊन तुमच्या गटाच्या फोनमध्ये हे बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या दिवाळीत आम्हाला फोन यायचे, "ओळखलं का? नेहमीचंच पाठवा." आणि आम्ही ओशाळून विचारायचो, "नेहमीचं म्हणजे काय हो?" काहींना ते आवडलं नाही. सहा वर्षं माल घेणाऱ्या माणसाला नाव विचारलं तर त्याला कसं वाटणार?

तिथून हा विषय निघाला. आमच्या एका सदस्याची मुलगी बी.कॉम.ला आहे. ती म्हणाली, यासाठी सीआरएम नावाचं असतं. नाव मोठं आहे, घाबरू नका. गिऱ्हाइकाची सगळी हकिकत एका जागी ठेवणारी वही, एवढाच त्याचा अर्थ. ती मोबाईलमध्ये उघडते, दोघी-तिघींना एकाच वेळी बघता येते, आणि कोणी काय नेलं, कधी नेलं, किती पैसे राहिले हे दाखवते. आम्ही एक ॲप निवडलं. महिन्याला जे भरायचे ते चटणीच्या पाच पाकिटांच्या किमतीएवढे. बैठकीत दोघी म्हणाल्या, पाच पाकिटं फुकट कशाला घालवायची? त्यांचं अगदीच चूक नव्हतं. तुमची गिऱ्हाइकं शंभराच्या आत असतील तर आमच्या मते चांगली दोनशे पानी वही पुरते, त्यात कमीपणा नाही. आमची शंभराच्या कितीतरी पुढं गेली होती.

आता नेण्याचं काम. सगळ्यांना वाटलं, एका रविवारी बसू आणि टाकून देऊ. त्याला चार रविवार लागले आणि तेही अर्धवट झाले, ते पुढं सांगतोच.

पहिली वही आक्कांची. आक्का आमच्या गटात सगळ्यांत थोरल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या बाजूला, शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांवरची उधारी त्या बघतात. त्यांच्या वहीत निम्मं कन्नड, निम्मं मराठी. ती वही त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. दुसरी वही स्टॉलची, ज्यात गिऱ्हाइकानं स्वतः नाव-नंबर लिहिलेला. यात्रेच्या गर्दीत उभ्यानं लिहिलेलं अक्षर, त्यात एक आणि सात सारखेच. तिसरी पार्सलची, पत्ते असलेली. आणि नव्या फोनमध्ये परत आलेली नावं. ती नावं तर काय सांगावी. "पाटील काकू", "पाटील काकू पुणे", "पाटील काकू चटणी", "पाटील काकू नवा नंबर". या चार काकू आहेत की एकच काकू, हे ठरवायला अर्धा तास गेला. दोन निघाल्या.

आम्ही आधी सगळं एका शीटमध्ये उतरवलं. थेट ॲपमध्ये टाकलं नाही, आणि तेवढं तरी शहाणपणाचं झालं. सात रकाने केले. नाव, मोबाईल नंबर, गाव, पूर्ण पत्ता पिनकोडसह, काय घेतात, शेवटी कधी घेतलं, आणि बाकी किती. एकूण ओळी भरल्या ६११. एकाच माणसाच्या दोन-तीन ओळी जोडल्या, नऊच आकडे असलेले नंबर फोन करून दुरुस्त केले, न लागणारे काढले, तेव्हा राहिली ४३८ गिऱ्हाइकं. आम्ही सगळीकडं सहाशे गिऱ्हाइकं म्हणून सांगत होतो!

काढताना एक नाव आलं, सोलापूरचे एक निवृत्त मास्तर. दर महिन्याला चार डझन भाकरी न्यायचे. ते वारले हे आक्कांना माहीत होतं, वहीला माहीत नव्हतं. ॲपमध्ये गेले असते तर दिवाळीला त्यांच्या घरी आमचा शुभेच्छांचा निरोप गेला असता. अशी पाच नावं निघाली. आक्का म्हणाल्या, "वहीतलं खोडू नगा. मोबाईलात घेऊ नगा, बास."

शीट करताना तीन गोष्टींनी आम्हाला छळलं. तुम्हाला छळू नये म्हणून सांगतो. मोबाईल नंबर टाकले की काही ठिकाणी नंबराच्या जागी ९.८ आणि पुढं ई, अधिक, शून्य नऊ असं काहीतरी दिसायला लागलं. कंप्युटरला वाटतं ही मोठी संख्या आहे, तो ती आखडून दाखवतो. नंबराचा रकाना भरायच्या आधीच त्याला टेक्स्ट करून ठेवायचा, मग जसाच्या तसा राहतो. दुसरी तारीख. आपण ०५/०४ लिहितो ते पाच एप्रिल, ॲपनं वाचलं चार मे. त्यामुळे महिना अक्षरांत लिहा, पाच एप्रिल असाच. तिसरी गोष्ट मराठीची. शीटमधून ॲपला द्यायची फाईल सेव्ह करताना यूटीएफ-८ असा पर्याय असतो, तो निवडला नाही तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. आमची तशी आली. पहिल्या दिवशी आमच्याकडं ४३८ प्रश्नचिन्हं होती. आणखी एक, कोणी तुमची यादी पूर्वी डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतली असेल तर ती युनिकोड नसते, ती वाचताच येणार नाही अशी उमटते. सोपा मार्ग म्हणजे नव्यानं टाईप करणं. आम्हाला तो सोपा वाटला नाही, पण दुसरे मार्ग त्याहून अवघड निघाले.

सगळी एकदम न टाकता आधी दहाच नावं टाकून बघा, हे आम्हाला तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते आम्ही ऐकलं. प्रश्नचिन्हांचा घोटाळा त्या दहा नावांत का दिसला नाही म्हणाल, तर ती दहा नावं मुलीनं मोबाईलवर हातानं भरली होती. पुढची फाईलनं टाकली. म्हणजे चाचणीसुद्धा पुढं ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं घ्यायची.

टाकून झालं. मग मेळ. आपण बचतीत करतो तसाच, वहीची बेरीज आणि ॲपची बेरीज. वहीत उधारी होती १८,६४० रुपये. ॲपमध्ये दिसत होती १७,९६०. सहाशे ऐंशी रुपये कुठं गेले? सगळ्या नावांवर बोट ठेवत गेलो. दोन जावा सापडल्या. वेगळ्या राहतात, चूल वेगळी, उधारी वेगळी. मोबाईल मात्र एकच, थोरलीचा, धाकटीनंही तोच नंबर दिलेला. ॲपनं विचारलं, हा नंबर आधीच आहे, एकत्र करू का? मुलीनं हो म्हटलं. ॲपसाठी नंबर म्हणजेच माणूस. त्यानं दोघींची एक बाई केली आणि धाकटीचे ६८० रुपये त्यात गडप झाले.

तेव्हा आम्ही हसलो होतो. जावा-जावांना आयुष्यात जे जमलं नाही ते मोबाईलनं केलं म्हणून. पण त्या हसण्यातच आमची खरी चूक होती. आपल्या गावात मोबाईल घराचा असतो, बाईचा नसतो. नंबर वहीत बाईच्या नावापुढं असतो, पण तो नवऱ्याचा असतो, पोराचा असतो, शेजारणीचा असतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बारातल्या चौघींचंच तसं आहे. तरी आम्ही शीटमध्ये रकाना केला "मोबाईल नंबर", आणि पुढं गेलो.

पहिला फटका आषाढीनंतर बसला. पंढरपूरला स्टॉलवर जोडलेलं एक घर आहे, दरवेळी दोन किलो चटणी. चातुर्मासात त्यांना लसूण चालत नाही. शेंगा चटणीत लसूण असतोच, त्यांच्यासाठी आम्ही जिरं-मिठाची वेगळी कुटतो. यंदा पार्सल ॲप बघून भरलं. ॲपमध्ये लिहिलेलं, शेंगा चटणी, दोन किलो. गेली लसणाची. त्यांचा फोन आला. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना?" दुसरी पाठवली, पैसे घेतले नाहीत.

आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी गोल केलता की गं नावाला."

गोल. आम्ही वही उघडून बघितली. खरंच नावाभोवती पेनानं गोल होता. आम्ही नाव उतरवलं, नंबर उतरवला, गोल उतरवला नाही. आमच्या सात रकान्यांत गोलाला जागाच नव्हती.

तेव्हाच आक्कांसमोर वही धरून विचारायला हवं होतं, आक्का, आणखी कशाकशाच्या खुणा आहेत? आम्ही विचारलं नाही. लसणाचा एक रकाना वाढवला आणि कामाला लागलो. श्रावणाचे दिवस, मागणी होती.

श्रावणातच उधारीही वाढते. ॲपमध्ये एक सोय होती, बाकी असलेल्या गिऱ्हाइकाला दर एक तारखेला आपोआप निरोप जाणार. आम्हाला बरं वाटलं. उधारी मागायला जायचं काम कोणालाच आवडत नाही. तोंडानं मागायचं म्हणजे वाईटपणा, मोबाईलनं मागितलं तर आपलं तोंड राहतं. आम्ही ती सोय चालू केली.

एक तारखेला सकाळी नऊ वाजता निरोप गेले. "आपली इतकी इतकी थकबाकी आहे, कृपया त्वरित भरावी", खाली आमच्या गटाचं नाव. दहा वाजता पाण्याच्या टाकीजवळ एक बाई आमच्या सचिवांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी काय बुडवी आहे? गेल्या सोमवारी आक्कांच्या हातात पैसे दिले." दिले होते. आक्कांनी नावावर तिरकी रेघ मारली होती. तिरकी रेघ म्हणजे फिटलं. तशा तिघी निघाल्या. त्यांच्याकडं जाऊन माफी मागितली. त्या थोड्या कुरकुरल्या, मिटलं.

चौथीचं मिटलं नाही.

तिचं नाव, गल्ली सांगणार नाही, आणि गावातल्यांनी ओळखायचा प्रयत्न करू नये. तिची आई माहेरी आजारी होती. ती आईसाठी आमच्याकडून भाकरी आणि चटणी न्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायची. घरात हे चालणारं नव्हतं म्हणून उधारीवर न्यायची आणि अंड्यांच्या पैशातून हळूहळू फेडायची. बाकी होती ४८० रुपये. आक्कांना सगळं ठाऊक होतं. आक्कांनी तिच्या नावापुढं फुली मारली होती. फुली म्हणजे, हिच्या घरी बोलायचं नाही. नंबर नवऱ्याचा होता.

त्या घरात त्या दिवशी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आली. चारशे ऐंशी रुपये मोजून टेबलावर ठेवले. "वहीतनं माझं नाव काढा," म्हणाली. आम्ही म्हटलं, ताई, बसा, चहा घ्या. ती बसली नाही.

आमच्यातल्या काहीजणी तेव्हा म्हणाल्या, ॲपची चूक. तसं म्हणायला सोपं होतं. पण ॲपला आम्ही जेवढं सांगितलं तेवढंच त्यानं केलं. फुली त्याला आम्ही सांगितली नव्हती, कारण आम्हालाच ती वाचायची गरज वाटली नव्हती. आक्कांची वही आम्हाला गबाळी वाटायची, खरं सांगायचं तर. तिच्यातून नाव आणि आकडा काढून घेतला की ती संपली, असं धरून चाललो होतो आम्ही.

त्याच संध्याकाळी आपोआप जाणारा निरोप बंद केला. दुसऱ्या दिवशी बैठक घेतली, आणि मग दोन संध्याकाळ आक्कांना मध्ये बसवून वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. या वेळी नावं सोडून बाकी सगळं वाचलं. गोल म्हणजे लसूण नको. खाली आडवी रेघ म्हणजे दुधाचं बिल झाल्यावर पैसे देणार, त्याआधी मागायचं नाही. दोन टिंबं म्हणजे तिखट कमी, दात नाहीत किंवा लेकरू लहान आहे. पानाचा कोपरा मुडपलेला म्हणजे त्या घरात दुखवटा, वर्षभर सणाचं विचारायचं नाही. फुली सांगितलीच. काही खुणा आक्कांनाही आठवेनात, त्या तशाच सोडल्या आणि त्या गिऱ्हाइकांना जाऊन भेटलो.

शीटमध्ये नवे रकाने आले. "फोन कोणाचा", "निरोप पाठवलेला चालेल का", "पैसे कधी मागायचे", आणि एक मोकळा रकाना, "शेरा". मग प्रश्न आला फुलीवाल्यांचा. बी.कॉम.वाली मुलगी म्हणाली, शेऱ्यात लिहू, घरी सांगू नये. आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, म्हणजे जिच्या हातात फोन येईल तिला कळेल की अमकी घरी लपवून नेते. तिघी जणी ते ॲप उघडतात. आमच्याही घरात पोरं आहेत, नवरे आहेत, फोन पडलेला असतो. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की फुलीवाल्या बायका ॲपमध्ये ठेवायच्याच नाहीत. नाव नाही, नंबर नाही, बाकी नाही. त्या आक्कांच्या वहीतच राहतील. ज्या ताईंनी नाव काढा म्हटलं, त्या धरून नऊजणी होत्या. त्या काढल्या. ४२९ राहिली.

म्हणून तुमच्यापैकी कोणी हे काम करणार असाल तर सगळं नेलंच पाहिजे असं मनात धरू नका. काय न्यायचं नाही ते आधी बसून ठरवा.

त्यानंतर आम्ही उरलेल्यांना फोन केले, गावातल्यांना भेटलो. वाक्य ठरवून घेतलं होतं. "तुमचं नाव, नंबर, पत्ता आम्ही मोबाईलमधल्या यादीत ठेवतो, माल पाठवायला आणि सणाला कळवायला. चालेल का? हा फोन तुमचाच आहे का? नको असेल तर काढून टाकतो." दोन आठवडे गेले. बहुतेक हो म्हणाले. काहींनी सांगितलं, माल पाठवा पण निरोप नको. काहींनी काढायला सांगितलं, काढले. पुण्याच्या एका बाईंनी उलट विचारलं, ही यादी तुम्ही आणखी कोणाला देता का? आम्ही नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, विचारणारे तुम्ही पहिलेच.

याला कायद्याचाही आधार आहे. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माणसाची माहिती घेताना ती कशासाठी घेतो हे सांगायचं, त्याची संमती घ्यायची, सांगितलं त्याच कामाला ती वापरायची, त्यानं संमती मागं घेतली तर थांबायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं, असा त्याचा गाभा आहे. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं. गटाच्या दोन-चारशे नावांना कोण विचारतंय, असं वाटेल तुम्हाला. आम्हालाही वाटायचं. पण याच काळात एक कर्जवाटपवाला एजंट आमच्याकडं आला, गोड बोलून म्हणाला, ताई, तुमच्याकडं उधारी घेणाऱ्या बायकांची यादी आहे ना, द्या, त्यांना कर्ज मिळवून देतो, तुम्हालाही काही मिळेल. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. उधारी घेणाऱ्या बाईची यादी कोणाच्या किती कामाची असते हे त्या दिवशी कळलं.

यादी कोणाच्या ताब्यात, हेही लेखी केलं. सिमकार्ड अध्यक्षांच्या नावावर आहे, पण नंबर आणि यादी गटाची आहे असा ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. उद्या अध्यक्ष बदलल्या तर नंबर गटाकडं राहील. ॲप तिघींनाच उघडतं, अध्यक्षा, सचिव आणि पार्सल बघणाऱ्या वहिनी. पासवर्ड आधी पॅकिंगच्या खोलीत कॅलेंडरवर लिहिलेला होता, हसू नका, तुमचाही तिथंच असेल. तो बदलला. दर महिन्याच्या पाच तारखेला पूर्ण यादी उतरवून पेनड्राइव्हमध्ये घेतो, एक प्रिंट काढतो, दोन्ही गटाच्या पत्र्याच्या पेटीत. ॲप उद्या बंद पडलं किंवा पैसे भरणं परवडलं नाही तर यादी आपल्याकडं हवी. ॲप घेण्याआधीच विचारा, आमची माहिती आम्हाला परत काढून घेता येते का. येत नसेल तर ते घेऊच नका.

वही आणि ॲप तीन महिने बरोबरीनं चालवलं. दुप्पट काम होतं, वहिनी कंटाळल्या, पण दर शनिवारी बेरीज जुळवत होतो म्हणून चुका छोट्या असतानाच सापडल्या. आता पार्सलची आणि स्टॉलची वही बंद केली. आक्कांची चालू आहे.

फायदा झाला का? झाला. यंदा दिवाळीआधी गेल्या वर्षी भाकरी नेलेल्यांची नावं एका मिनिटात निघाली, फोन केले, आणि ज्वारी किती दळायची हे आधी कळलं. मागच्या वर्षी भाकरी उरली होती, यंदा उरली नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम निरोप पाठवायच्या यादीबद्दल एक लक्षात ठेवा, तिच्यात २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये आता चिठ्ठी घालतो, आमचा नंबर सेव्ह करा म्हणून. उधारीचा निरोप मात्र मोबाईलनं जात नाही. ती मागायला आक्का आणि आमच्यातली एकजण पायी जाते. तोंड खराब होतं कधी कधी. होऊ दे.

ती ताई अजून आमच्या दारात आलेली नाही. आक्कांशी बोलते, देवळात भेटतात दोघी. तिची आई गेल्या महिन्यात वारली असं आक्कांनी सांगितलं. आम्ही जावं की नाही यावर बैठकीत बोलणं झालं. आमच्या जाण्यानं पुन्हा घरात विषय निघेल म्हणून आक्का एकट्या गेल्या.

ज्या गटांना आमचे रकाने बघायचे असतील त्यांच्यासाठी कोऱ्या शीटच्या प्रती ग्रामसंघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. येत्या बुधवारी दुपारी दोन ते पाच आम्ही तिथं आहोत. तुमची वही घेऊन या. आणि वही जी लिहिते तिला बरोबर आणा, तिला लिहिता-वाचता कमी येत असेल तर नक्की आणा. नमस्कार.